साक्षीदार मध्ये बोलत नाही

माणूस विक्षिप्त होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कोणी "असं कुठं असतं का" म्हणायला नको. असतं.

मी चौथी शिकले. पाचवीत बसवायच्या ऐवजी घरच्यांनी मला वांग्याच्या वाफ्यात बसवलं. तेव्हा वारज्यात शेतं होती. आता तिथे इमारती आहेत, आणि आमच्याकडे रस्त्याकडेचं घर आणि त्याच्या खालचा एक गाळा उरला आहे. त्या गाळ्यात या गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्यांना मिस्त्री म्हणायचे, ते मला मावशी म्हणायचे. नाव इथे लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

घराणं मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. वडील कॅम्पात घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर मिस्त्रींनी त्यांची पाटी उचलून आणली आणि माझ्या गाळ्यावर लावली. 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील.' आत सगळे कॉम्प्युटर. माणसं घड्याळ घेऊन यायची. मिस्त्री डोकं वर न करता सांगायचे, "पाटी वडिलांची आहे. दुकान माझं आहे." कोणी वाद घातलाच तर त्याला म्हणायचे, मग वडिलांकडे जा. मी एकदा म्हटलं, पाटी बदला की. तर म्हणाले, "का? अक्षर चांगलं आहे."

लग्न केलेलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, राहून गेलं. दुकानातच मागच्या बाजूला झोपायचे. बिनसाखरेचा काळा चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी स्वतः विसळायचे. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मी अजूनही बोलताना आमच्या गावच्यासारखी 'हाय' आणि 'न्हाई' म्हणते. लिहिते मात्र शाळेत शिकवलं तसं.

मी टाकून द्यायला काढलेला मिसळणाचा डबा त्यांनी मागून घेतला होता. जिथे मी हळद, तिखट, मोहरी ठेवायचे, तिथे त्यांनी सात मापांचे स्क्रू ठेवले. डोळे मिटायचे, बोट घालायचे आणि हवा तोच स्क्रू काढायचे. मला वाटायचं, ऐट करतात.

त्यांचा धंदा साधा होता. लोकांनी मेला म्हणून टाकून दिलेला कॉम्प्युटर आणायचा, उघडायचा, रंगाच्या ब्रशने धूळ झाडायची, बिघडलेलं काढून दुसऱ्या मेलेल्यातलं चांगलं बसवायचं, आणि त्यात लिनक्स घालायचं. लिनक्स म्हणजे काय, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणजे रिकामं घर, मावशी. आत कोणीतरी राहायला लागतं. दार उघडायला, दिवा लावायला, सामान कुठे ठेवलंय ते सांगायला. लिनक्स म्हणजे तसा राहणारा. जगभरचे लोक मिळून तो घडवतात आणि कोणालाही देतात." मी म्हटलं, मग त्या लोकांना काय मिळतं? "शिव्या," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडून."

शिव्या खोट्या नव्हत्या. वर्षातून दोनदा, एकदा चैत्राच्या सुमारास आणि एकदा दसऱ्याच्या मागेपुढे, त्या लिनक्सची नवी आवृत्ती यायची. त्या दिवशी मिस्त्री सकाळी अंघोळ करून पांढरा इस्त्रीचा शर्ट घालायचे. पहिल्या वर्षी मी विचारलं, आज ईद हाय का? म्हणाले, नाही, आवृत्ती आली. कॅम्पातून नानकटाईचा एक खोका आणून ठेवायचे आणि दुकानातल्या सगळ्यांत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. त्या कॉम्प्युटरला ते थोरली म्हणायचे. तिची एका बाजूची पत्र्याची झाकणी केव्हाच गेली होती, आतल्या बरगड्या दिसायच्या. मी म्हटलं, नव्या चांगल्या कॉम्प्युटरवर का नाही बघत? तर म्हणाले, "नव्यावर काहीही धावतं. थोरलीवर चाललं तर ते चाललं."

चालली तर खोका उघडायचा. नाही चालली तर खोका न उघडता शेजारच्या झाडूवालीला जायचा, आणि मिस्त्री त्या जगभरच्या लोकांना पत्र लिहायला बसायचे. काय बिघडलं, कुठे बिघडलं, कुठलं बटण दाबल्यावर बिघडलं. ते लोक कुठे राहतात, कोण आहेत, हे मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. त्यांची उत्तरं मात्र यायची.

मग डोळे जायला लागले.

आधी मला कळलं. चहा ओतताना बशी सोडून टेबलावर ओतला. मग दाराच्या चौकटीला खांदा लागला, दोनदा. मी सरळ विचारलं, "मिस्त्री, दिसत न्हाई का?" त्यांनीही सरळ सांगितलं. काचबिंदू होता. थेंब चालू होते, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. "नजर कडेकडेने जातेय," ते म्हणाले. "उंदराने भाकरी कुरतडावी तशी. मधला तुकडा अजून आहे."

मिसळणाच्या डब्याचं मला तेव्हा उमगलं. तो माणूस दोन वर्षं आधीपासून तयारी करत होता.

त्यातच एकदा सोल्डरिंगच्या तापल्या सळईवर त्यांचा तळहात पडला. ते ऐकून वाघोलीहून त्यांचा धाकटा भाऊ आला. सज्जन माणूस, नोकरी करणारा. त्याच्या घरात मागची एक खोली रिकामी होती. भाईजान, आता चला, म्हणाला. खुर्चीत बसा, रेडिओ ऐका, मुलं आहेत. मिस्त्री हाताला मलम लावत ऐकून घेत होते. मग म्हणाले, हाताचं काम हाताने होईल, ते मी शिकलोय. पडद्याचं तेवढं राहिलंय. रिकाम्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स घालायचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बघता, नुसतं ऐकून करता आलं, तर माझा धंदा राहिला. नाही आलं तर तुझी खुर्ची. "तीन आवृत्त्या दे मला. तेवढी नजर टिकेल."

भाऊ माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही तरी समजवा."

"मी समजवत न्हाई," मी म्हटलं. "मी घरमालकीण हाय."

ऐकून म्हणजे कसं, तेही सांगते. कॉम्प्युटरला बोलायला लावता येतं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्याने वाचतो, मराठीतही वाचतो. आवाज मात्र असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी म्हटलं, स्वारगेटला गाड्यांची घोषणा करतात तो माणूस पकडून आणला का? मिस्त्री म्हणाले, "तिथे तरी कोणाला काय कळतं? गाडी तरीही मिळतेच ना?"

परीक्षेची त्यांची रीत त्यांचीच. पडद्याचं तोंड माझ्याकडे फिरवायचं. स्वतः पडद्याच्या मागे बसायचं, कीबोर्ड मांडीवर. त्यांना फक्त आवाज, मला फक्त अक्षरं. मी सगळं बघायचं, लक्षात ठेवायचं, आणि ते विचारतील तेव्हा क्रमाने सांगायचं. मी म्हटलं, मला यातलं काय कळतंय? रस्त्यावर इंजिनियर पोत्याने पडलेत, त्यांतला एक बसवा. तर म्हणाले, "शिकलेला माणूस वाचत नाही, मावशी. अंदाज करतो. तुम्ही अक्षराखाली बोट धरून वाचता. जे आहे तेच वाचता." आयुष्यात कोणी माझ्या चौथीचं कौतुक केलं असेल तर ते एवढंच.

एक अट होती. मध्ये बोलायचं नाही. काहीही झालं तरी. "तुम्ही साक्षीदार. साक्षीदार मध्ये बोलत नाही."

ही अट किती मोठी, हे परक्याला कळायचं नाही. माझं तोंड वारज्यात प्रसिद्ध आहे. नवऱ्याच्या तेराव्याला मी आचाऱ्याला आमटी खारट झाली म्हणून सांगितलं होतं. खारट होतीच. तरी मी हो म्हटलं. दिलेला शब्द मी पाळते, तो माझा दुसरा दोष.

पहिली आवृत्ती लगेच नापास झाली. आवाज सुरुवातीला नीट बोलला आणि लिनक्स बसवायचं पान उघडताच मुका झाला. मिस्त्री पडद्यामागे वाट बघत बसले. माझ्यासमोर पडद्यावर लख्ख लिहिलेलं, की पुढे जायला इथे दाबा. मी चुळबुळत होते. अर्ध्या तासाने ते उठले, खोका झाडूवालीला दिला आणि पत्र लिहायला बसले.

दुसरी आवृत्ती दसऱ्यानंतर आली. तो दिवस मी विसरणार नाही. तोपर्यंत त्यांना समोरचं जेमतेम नळीतून बघावं तेवढं दिसत होतं.

थोरलीत दोन डिस्क होत्या. डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. छोटी रिकामी होती, तिच्यावर नवी आवृत्ती घालायची होती. मोठीवर मिस्त्रींची टिपणं होती. आजवर हाताखालून गेलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं दुखणं आणि त्यावर केलेला इलाज, सगळ्या वर्षांचं. मी विचारलं, मोठीची दुसरी प्रत काढून ठेवलीय का? नव्हती. मग निदान ती डिस्क काढून बाजूला ठेवा. तेही नाही. म्हणाले, लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये खरंच काहीतरी असतं, मावशी. घर रिकामं करून आग विझवायचा सराव करण्यात काय अर्थ आहे? मी म्हटलं, तुमच्या डोक्यात भुसा हाय. ते म्हणाले, असेल. बसा.

आवाज या वेळी पानापानाला बोलला. भाषा विचारली, गाव विचारलं. मिस्त्री बटणं दाबत गेले. मग ते पान आलं. कुठल्या डिस्कवर घालायचं, असं विचारणारं. पडद्यावर दोन चौकोन. वरच्या चौकोनात मोठी डिस्क, खालच्यात छोटी, आणि दोन्हींखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाईल.

आवाज म्हणाला, "बटण." मग म्हणाला, "बटण." दुसरं काही नाही.

मिस्त्री थांबले. मग स्वतःशीच पुटपुटले, "दोन बटणं. दिसत होतं तेव्हा छोटी वर असायची. तर पहिली छोटी, दुसरी मोठी."

उलटं होतं. मला दिसत होतं ते अगदी उलटं होतं. निवडलेलं दाखवणारी रंगीत चौकट मोठीभोवती होती. मी पदर तोंडात कोंबला. त्यांचं बोट बटणावर होतं, आणि ते बराच वेळ तिथेच होतं. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. पुढे डोळे गेल्यावर शेजारी कोण बसलेलं असणार होतं?

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी भरायला लागली. मी ती पूर्ण भरेपर्यंत बघितली.

मग ते म्हणाले, सांगा. मी पहिल्या पानापासून क्रमाने सांगितलं. त्या पानापाशी आले तेव्हा आवाज खाली न आणता सांगितलं, की मोठी वर होती, मोठीच पुसली.

मिस्त्रींनी मांडीवरचा कीबोर्ड टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं की."

"आणि बोलला नाहीत."

"तुम्हीच म्हनला होता."

ते उठले, पडद्याला हात लावत लावत पुढे आले, आणि मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी हात जोडले. "असा साक्षीदार मला कोर्टातही मिळाला नसता," म्हणाले. आणि पुढच्या क्षणी, "सापडलं, मावशी. नेमकी जागा सापडली. आता एक एक अक्षर पुन्हा सांगा, मी लिहितो."

बोलले नाही याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही खरं आहे. त्यांचं गेलं. दोन भाकरी खाल्ल्या. सगळ्या वर्षांचं लिहिलेलं पुसलं गेल्यावर भूक लागणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

पत्र लिहिताना त्यांनी मला विचारलं, त्या पानावर आवाजाने काय म्हणायला हवं होतं, तुमच्या मते? मी म्हटलं, त्यात मत कसलं? सरळ सांगावं. या डिस्कवर सामान हाय. पुसलंत तर परत येणार न्हाई. पुसू का? ते हसले नाहीत. टकटक करत ते लिहून घेतलं.

दोन दिवसांत उत्तर आलं. पडद्यावर नेमकं काय होतं हे कोणी बघितलं, असं त्या लोकांनी विचारलं होतं. मिस्त्रींनी कळवलं, माझ्या घरमालकिणीने, चौथी पास आहेत, चुकत नाहीत. मग हिवाळाभर पत्रं येत जात राहिली. ते लोक काहीतरी दुरुस्त करून पाठवायचे, मिस्त्री पडद्यामागे बसायचे, मी पुढे. उरलेल्या वेळात पडदा बंद ठेवून, नुसता आवाज ऐकत, मिस्त्री आपली टिपणं आठवून आठवून पुन्हा लिहायचे. कुठल्या शिवणक्लासच्या कॉम्प्युटरमध्ये काय फुगलं होतं, कुठल्या वकिलाच्या पंख्यात पाल अडकली होती. मी भाजी निवडत ऐकायचे. एवढं एका डोक्यात मावतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि ते सगळं त्यांनी पुन्हा मोठ्या डिस्कवरच ठेवलं. प्रत न काढता. मी ओरडले. म्हणाले, "पेपर तोच हवा. नाहीतर पास झालो हे कसं कळणार?"

चैत्रात तिसरी आवृत्ती आली. तेव्हा त्यांना फक्त खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं. पांढरा शर्ट घातला, इस्त्री मी करून दिली. भाऊ वाघोलीहून मोकळी बॅग घेऊन आला होता. नेलंच तर कपडे भरायला. तो दाराशी स्टुलावर बसला. नानकटाईचा खोका टेबलावर होता. वर्षभर मी त्या खोक्यांचा नुसता वास घेतला होता.

मिस्त्रींनी हळूच बिस्मिल्ला म्हटलं आणि पेनड्राइव्ह चाचपून लावला. आवाज बोलायला लागला. भाषा. गाव. नाव. मी बोट धरून वाचत होते, आवाज माझ्यापुढे एक शब्द, मागे एक शब्द. मग ते पान आलं. दोन चौकोन. वर मोठी, खाली छोटी, रंगीत चौकट मोठीभोवती. सगळं दसऱ्यासारखंच.

आवाज म्हणाला, "मोठी डिस्क. या डिस्कवर सामान आहे. पुसलंत तर परत येणार नाही. पुसू का?"

स्वारगेटच्या त्याच घोगऱ्या, नाकातल्या आवाजात. माझं वाक्य. पडद्यावरही तेच लिहिलेलं, मी दोनदा बोट फिरवलं. फक्त 'हाय'चं 'आहे' आणि 'न्हाई'चं 'नाही' केलेलं होतं. पुण्याचा माणूस, राहवलं नसेल. मिस्त्रींनी पाठवलं होतं, त्या जगभरच्या लोकांनी घेतलं होतं, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विमानात बसलेले नाही. शाळा सुटली तेव्हापासून पत्र सोडून काही लिहिलेलं नाही. आणि कुठल्या कुठल्या गावांत, जिथे कोणी हे मराठीतून बसवत असेल, तिथे माझं वाक्य त्याला सावध करत होतं.

मी तोंड उघडलं.

पडद्याच्या वर मिस्त्रींचं एक बोट आलं. मी त्यांना दिसत नव्हते, कोणीच दिसत नव्हतं. "साक्षीदार मध्ये बोलत नाही," ते म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबला. त्यांनी एक बटण दाबून चौकट खाली नेली. आवाज म्हणाला, "छोटी डिस्क. या डिस्कवर काही नाही." त्यांनी दाबलं. पट्टी भरली. थोरली बंद झाली, पुन्हा सुरू झाली, आणि मिस्त्रींनी नुसत्या बोटांनी मोठी डिस्क उघडून आपली टिपणं आवाजाकडून वाचून घेतली. शिवणक्लास होता. वकिलाची पालही होती.

दाराशी भावाने बॅगेची घडी घातली आणि काखेत धरली. मिस्त्री त्यानंतर त्या गाळ्यात सहा वर्षं होते, शेवटच्या आजारापर्यंत. पाटीही तीच होती.

पण त्या दिवशी रिवाजाप्रमाणे ते म्हणाले, सांगा. मी पहिल्या पानापासून क्रमाने सांगत गेले. त्या पानापाशी आल्यावर थांबले.

"हे माझं हाय," मी म्हटलं.

"होतं," मिस्त्री म्हणाले. "आता सगळ्यांचं आहे."

"बरं," मी म्हटलं. "खोका उघडा."